शेठची मोकळी हवा

घोडेगावातले कापड दुकानवाले शेठ मला रोज सकाळी शिनोलीच्या रस्त्यावर भेटायचे. डॉक्टरांनी त्यांना बीपीसाठी मोकळ्या हवेत, शांत मनाने फिरायला सांगितलं होतं. फिरणं त्यांनी मनावर घेतलं होतं. शांत मनाचं तेवढं जमत नव्हतं. पांढरे बूट, कानटोपी, हातात काठी, आणि तोंडाने सरकार, सून, गिऱ्हाइकं, सगळ्यांचा उद्धार. मधेच थांबून ते छाती भरून श्वास घ्यायचे, "काय हवा हाय राव! औषध हाय औषध," म्हणायचे आणि त्याच श्वासात पुन्हा सुनेवर यायचे.

त्या वर्षी आमच्याकडे बिबटे वाढले, तसे बाकीचे फिरणारे घरी बसले. आम्ही दोघंच उरलो. एका सकाळी उसातून बिबट्या निघाला आणि समोर रस्त्यावर उभा राहिला. शेठ बोलता बोलता गप्प झाले. मला मागे ढकलून, काठी धरून ते पुढे उभे राहिले. बिबट्याने आमच्याकडे पाहिलं आणि तो सावकाश पलीकडच्या उसात शिरला.

शेठनी कानटोपी काढून घाम पुसला.

"आमच्या घरी बोलू नका राव," ते हळूच म्हणाले. "फिरणं बंद करतील माझं. मग मी जगायचो न्हाई."