सिस्टरचं आडनाव

त्र्याण्णव साली बायकोला बाळंतपणासाठी सणसरहून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक सिस्टर होती. ठेंगणी, सावळी. हातातल्या बांगड्या काढून पदराच्या टोकाला बांधायची आणि कोपरापर्यंत हात धुवायची. मी तिला दारातच अडवलं.

"आडनाव काय तुमचं?"

कशासाठी विचारतोय ते तिला कळलं. बौद्धवाड्यातल्या कुणाच्या हातचं पाणी तेव्हा आमच्या घरात चालत नव्हतं. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "दादा, मूल पायाळू हाय. आधी तुमच्या बाईला मोकळी करते, मग आडनाव सांगते."

आतून बायको ओरडली, "अवो, येऊ द्या की त्यांना." मी बाजूला झालो.

दोन तासांनी सिस्टर बाहेर आली, घामानं निथळलेली. हातावर फडक्यात गुंडाळलेली आमची पोरगी. तिनं आडनाव सांगितलं आणि विचारलं, "आता घेता का माझ्या हातनं?"

मी पोरगी घेतली. मान काही वर झाली न्हाय. 'चुकलं' एवढंसुद्धा तोंडातून निघालं न्हाय.

बायकोनं तिचं नाव विचारून घेतलं होतं. पुढं पोरीला ताप आला की म्हणायची, त्या सिस्टरकडं नेऊ. नाव घेऊन म्हणायची. मी तिकडं कान दिला न्हाय.

औंदा बायको गेली. आता माफी मागायला जावं वाटतं, पण दवाखान्यात कोण म्हणून विचारू? मला नुसतं आडनाव ठाऊक हाय.