एका तापमानाच्या तीन प्रती

नागापूरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी दूध थंड करणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनवायची. प्रोग्रॅमचा एक भाग तापमान मोजायचा, दुसरा दाखवायचा, तिसरा कॉम्प्रेसर चालवायचा. मी तापमानाची नोंद एकाच जागी ठेवून तिचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, तिघांना दिला होता. आमच्या साहेबांना पॉइंटरची भीती वाटे आणि त्या भीतीला ते अनुभव म्हणत. "कुणीही नोंदीत हात घालेल," म्हणून त्यांनी प्रत्येक भागाला नोंदीची वेगळी प्रत दिली आणि प्रती ताज्या करायला विसरले.

पाथर्डीकडच्या दूध केंद्रावर साहेबांनी आणि मी टाकी सुरू केली. दुपारी तिथल्या बाईंनी टाकीत माप बुडवलं. "सायेब, मशीन चार डिग्री म्हनतंय, पन दूध कोमट हाय."

"बाई, मशीन खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले.

बाईंनी मापातलं दूध सरळ त्यांच्या हातावर ओतलं.

मी लॅपटॉप उघडला. कॉम्प्रेसरच्या प्रतीतही जुने चारच होते, म्हणून तो बंद होता. मी प्रती काढल्या, पॉइंटर परत घातला. कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला, पण टाकीभर दूध नासलं होतं. साहेबांनी रिपोर्टात 'सेन्सर खराब' असं लिहिलं. मी त्यावर सही केली नाही. पुढे वर्षभर ऑफिसात त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांना पुन्हा साहेब म्हटलं नाही.