पडद्यावरचा शिळा डोळा

डहाणूत माझं टीव्ही आणि कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे बसून बसून माझं एक मत पक्कं झालंय: ज्या वस्तूला फिरवायचं बटण असतं, ती कुणीतरी एक दिवस फिरवून बिघडवतोच. म्हणून एका नखाएवढ्या चिपचं मला फार कौतुक. तिला बटणच नाही. आत आलेला व्हिडिओचा सिग्नल ती दुप्पट करून बाहेर सोडते, कमी नाही की जास्त नाही. पण तिच्यावर माझा जीव जडला तो आमच्या आईमुळे.

घर धाकटी डहाणूत. वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, सुकाणू त्यांच्या हातात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि खाडीच्या तोंडाशी वाट दाखवायला रोवलेले बांबू त्यांना दिसेनासे झाले. होडीवरच्या माणसांनी मान खाली घालून सांगितलं, की निदान एका डोळ्याचं काम झाल्याशिवाय सुकाणू देता येणार नाही. हा माणूस समुद्राशिवाय घरात बसला तर वाळून जाईल, हीच मला भीती होती.

तलासरीकडच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. तिथली एक रीत मला फार आवडते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावलेला असतो आणि आत काय चाललंय ते नातेवाइकांना बाहेरच्या टीव्हीवर दिसतं. आईनं अट घातली, आधी दुसऱ्या कुणाचं बघीन, मगच आमच्या माणसाला आत पाठवीन. आई जन्मभर मासळी विकत आलेली. डोळा नितळ आणि कल्ला लाल, तर माल ताजा. डोळा पांढुरका आणि कल्ला करडा, तर शिळा. याहून जास्त पुरावा तिला लागत नाही आणि याहून कमी चालत नाही.

त्या दिवशी पडद्यावर एका अनोळखी आजोबांचा डोळा होता. आधी पांढुरका, काम संपलं तेव्हा करडा. आई उठली.

"आधी शिला, मंग पन शिला," ती म्हणाली. "चला घरा."

डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. डोळा छान झालाय, खरा रंग असा नसतो, असं त्यांनी समजावून पाहिलं.

"मंग खरा दाखवा," आई म्हणाली आणि वडिलांना घेऊन जीपमध्ये जाऊन बसली.

घरी येईपर्यंत मी रागानं धुमसत होतो. राग उतरल्यावर मात्र हसू आलं. आईनं माणसाच्या डोळ्याला मासळीचा नियम लावला, ही तिची चूक. पण पडदा खोटं बोलत होता, आणि ते तर माझंच खातं.

डॉक्टरबाईंना विचारून मी वायर उलगडली. कॅमेरा जुना, देणगीत आलेला. त्याच्या एकाच वायरला जोड मारून एक फाटा आतल्या टीव्हीला आणि दुसरा लांब बाहेर नेलेला. एका बैलाला दोन गाड्या. चित्र अंधारलं म्हणून कुणीतरी ब्राइटनेस शेवटपर्यंत पिळलेला, त्यानं काळंही करडं झालेलं. आणि व्हिडिओच्या सिग्नलमध्ये रंग असतो तो सगळ्यात झपाझप थरथरणाऱ्या भागात. लांब वायरीत नेमका तोच भाग अशक्त होतो, आणि फार अशक्त झाला की टीव्ही रंगाचा नादच सोडतो.

यावर मी ती नखाएवढी चिप बसवायचं ठरवलं. तिच्यात दोन बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारे दोन भाग होते, एकेका टीव्हीला एकेक. ती कॅमेऱ्याकडून जवळजवळ काहीच ओढत नाही आणि वायरीला मात्र स्वतःच्या जोरावर सिग्नल पुरवते. वायरीच्या तोंडाशी रेझिस्टर लावावा लागतो, नाहीतर सिग्नल पलीकडे आपटून परत येतो आणि चित्राला सावली पडते. त्या रेझिस्टरपायी निम्मा सिग्नल खर्च होतो. चिपनं तो आधीच दुप्पट केलेला असतो, त्यामुळे जेवढा निघाला तेवढाच पोचतो. हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत.

पहिल्या खेपेला तिनं मलाही पाणी पाजलं. मी ऐसपैस वायरी ठेवून ती जोडली आणि पडद्यावर तिरक्या रेघा नाचायला लागल्या. इतक्या चपळ चिपला स्वतःच्या पायांशी लांब वायरी सोसत नाहीत. तिची वीज स्थिर ठेवणारे कपॅसिटर पायांना अगदी चिकटवून, सगळं आखूड करून पुन्हा सोल्डर केलं, तेव्हा बाईसाहेब शांत झाल्या. ब्राइटनेस जागेवर आणला आणि ते बटण टेप लावून बंद करून टाकलं.

पुढच्या ऑपरेशनच्या दिवशी आई पुन्हा त्याच बाकावर. आधी सायवनच्या एका आजीचा डोळा आला. पांढरा गढूळपणा थोडाथोडा निघत गेला आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात बाहुली आतून लाल उजळली. आई पुढे झुकून बघत राहिली. मग तिनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना दाराकडे लोटलं.

वडिलांच्या वेळी मला पडद्याकडे बघवेना. मी आईकडे बघत होतो. तिचा हात नकळत उचलला गेला होता आणि कल्ला उघडून बघताना वळतो तसा अंगठा वळला होता. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी तिनं नजर हलवली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. मग ती मागे टेकली.

"कल्ल्यावानी लाल," ती म्हणाली. "ताजा हाय."

डॉक्टरबाई दार उघडून बाहेर आल्या. सगळं नीट झालं म्हणून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनंच त्यांना विचारलं, "बाय, दुसरा डोला कवा?"