कॅमेऱ्याच्या फोटोत काका

बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. 'सबनीसकाका गेले. झोपेतच.' मी माझ्या मजल्यावर उतरलेच नाही, नुसती खाली-वर करत राहिले... दीड महिना झाला त्याला. काका म्हणजे आमचे मल्लेश्वरममधले घरमालक. मी पुण्याहून आलेली, वरच्या खोलीत. ते जन्मापासून इथले, त्यामुळे मराठीत अधूनमधून कन्नड.

दोन वर्षांपूर्वी घरासमोरच एका बाइकनं काकूंना उडवलं. खुबा मोडला. बऱ्या झाल्या, पण रस्ता ओलांडायची हिंमतच गेली. रोज समोरच्या देवळात जाणारी बाई गेटमधूनच हात जोडायला लागली. मग काकांनी ध्यासच घेतला, इथे स्पीड कॅमेरा हवा! रोज सकाळी घड्याळ घेऊन फुटपाथवर उभे. दोन झाडांमधलं अंतर गाडी किती सेकंदांत कापते ते वहीत लिहायचे, आणि अर्ज टाइप करायला मी. किती अर्ज, किती वेळा 'पुढच्या आठवड्यात या'... मी पार कंटाळले.

"काका, सोडा ना आता."

"सोडलं तर तुझी काकू गेटमध्येच राहील की गं."

शेवटी लागला एकदाचा कॅमेरा. काकांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. मला चिडवत म्हणाले, "आता तू तरी स्वल्प हळू चालव, अक्का!"

"चालवतेच हो!"

मागच्या आठवड्यात मोबाइलवर चलान आलं. माझ्याच स्कूटरचं, त्याच कॅमेऱ्याचं, काका जायच्या तीन दिवस आधीचं. मीटिंगला उशीर झाला होता मला. फोटोत माझी पाठ, नंबर प्लेट... आणि कडेला काका. एका हातात दुधाची पिशवी, दुसरा हात वर, गाड्यांना थांबा म्हणत. मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

दोन दिवस झोप नाही. मग काकूंना दाखवला.

"गाडी कुणाची?"

"माझी, काकू."

त्यांनी चष्मा पुसून फोन हातात घेतला. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे... शेवटचा फोटो आहे हा त्यांचा." आणि दोन बोटांनी मोठा करत गेल्या, माझी स्कूटर बाहेर जाईपर्यंत.

आता तो फ्रेम करून दारापाशी लावलाय. काकू अजून गेटपर्यंतच येतात. मी रोज त्या फोटोसमोरून स्कूटरची किल्ली घेऊन निघते. काकांचा हात वर आहे. फोटो नीट कापता आला नाही, कोपऱ्यात माझ्या स्कूटरचा मागचा दिवा राहिलाय. ब्रेकचा... न लागलेला.