वर-खाली जाणारं वजन

कारेगावात खोली घ्यायची तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: फॅमिली की बॅचलर? मी ठणकावून सांगितलं, फॅमिली. घरमालकीण मावशींनी माझ्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"पाव्हणं कुठं हायेत?"

"दौंडला. रेल्वेत गार्ड हायेत. येतील."

मावशींनी खोली दिली, पण पुढं कधीही दारात आल्या की त्यांची नजर पाव्हण्यांच्या चपला शोधायची.

आम्हाला मूल नाही, हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी वाट पाहायला नको. नवरा मालगाडीवर, आज सोलापूर, उद्या मनमाड. दौंडच्या क्वार्टरमध्ये कितीतरी वर्षं मी एकटीनं चहा प्यायले. मग डिप्लोमाचं जुनं सर्टिफिकेट पेटीतून काढलं आणि रांजणगावच्या एमआयडीसीत, इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले. एकटंच राहायचं तर निदान कामाचं राहावं, असा माझा विचार. आमच्याकडं रेल्वेचा पास आहे, जम्मूपर्यंत फुकट जाता येतं. कारेगावला मात्र रूळच नाहीत. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं.

माझं काम कनेक्टिंग रॉड तोलायचं. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा हा वीतभर लांबीचा पोलादी दांडा. त्याचं छोटं टोक पिस्टनबरोबर वर-खाली जातं, मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं. म्हणून दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची. फिरणाऱ्या वजनाचं अवघड नसतं. समोरच्या बाजूला तेवढंच वजन लावलं की ते गप्प बसतं. खोड सगळी वर-खाली जाणाऱ्याची. ते वर जाऊन थांबतं, उलटं फिरतं, खाली येऊन पुन्हा थांबतं, आणि प्रत्येक वेळी अख्ख्या इंजिनाला हिसका देतं. एकाच पिस्टनचं इंजिन असेल तर समोर कितीही वजन लावा, उभा हिसका कमी होतो आणि आडवा सुरू होतो. प्रशिक्षणाच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. सर म्हणाले, "यात हसण्यासारखं काय?" आता त्यांना आमचा संसार कुठून सांगू!

यावर उपाय म्हणजे जोडीदार. चार पिस्टनच्या इंजिनात दोन वर जातात तेव्हा दोन खाली येतात आणि एकमेकांचे हिसके जिरवतात. बारीक थरथर तरीही उरतेच, पण ती चालते. मात्र त्यासाठी चौघांची वजनं जुळायला हवीत. म्हणून रॉड तोलून त्यावर वजनाप्रमाणे रंगाचा ठिपका द्यायचा आणि एका रंगाचे चार एका संचात घालायचे. पाळी संपताना काही रॉड उरतात, ज्यांच्या रंगाचे चार भरत नाहीत. ते वेगळ्या ट्रेत जातात. त्याला आमच्या लायनीवर 'सड्यांचा ट्रे' म्हणतात. बायको-पोरं नसलेल्या गड्याला सडा म्हणतात ना, तसे हे सडे. त्यांच्यात खोट काहीच नसते. जुळणारे आले नाहीत, एवढंच. एकदा जेवणाच्या सुट्टीत एक जण मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही कुठल्या ट्रेतल्या?" मी त्याला असं काही ऐकवलं की पुढं कितीतरी दिवस त्यानं माझ्या टेबलावर डबा उघडला नाही. त्याच्या मागोमाग बाकीचेही उठले, आणि मी एकटी जेवू लागले. माझ्या तोंडाचं हे असंच आहे.

या तोंडापायीच नवऱ्याशी भांडण झालं. मागच्या हिवाळ्यात फोनवर नवरा म्हणाला, "बास झालं आता. राजीनामा दे आन् घरी ये."

"घरी कोण असतं? तुम्ही तर मनमाडला."

"मनमाडवरनं आल्यावर तरी घरात कुणी असावं का न्हाई?"

"म्हंजी मी काय वेटिंग रूम हाय?"

त्यांनी फोन ठेवला. मीही पुन्हा केला नाही. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, असं लोक नवरा-बायकोबद्दल कौतुकानं म्हणतात. करमेना म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. कामावरून आले की मी दिवा लावायची आणि रिकाम्या खोलीला मोठ्यानं सांगायची, "आले गं बाई." मग माझाच आवाज ऐकून मला कसंतरी व्हायचं.

आमची सुट्टी गुरुवारची. अशाच एका गुरुवारी उठले आणि ठरवून टाकलं, गेली नोकरी उडत. दौंडला जायचं, दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, राजीनामा देते. फोन करायचा नाही; फोनवर माझं तोंड सुटतं. शिरूरला एसटी धरली आणि काष्टीवरून दुपारी दौंडला पोचले. क्वार्टरला कुलूप. माझ्याकडच्या किल्लीनं उघडून आत गेले.

ओट्यावर एक पातेलं, एक ताट, एक पेला. बाकीची भांडी धुऊन वर फळीवर पालथी घातलेली, त्यांवर माझी जुनी साडी झाकलेली. सगळं नीट होतं, एका माणसाचं नीट. मला रडू आलं. होती नव्हती ती चलबिचलही संपली आणि माझं पक्कं झालं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"कुठं हायस?"

"का? तुम्ही कुठं हाय?"

"तुझ्या खोलीत. मावशींनी त्यांच्या किल्लीनं उघडून दिलं."

ते न्हावऱ्यावरून मोटारसायकलनं वर गेले होते, मी काष्टीवरून खाली आले होते. दोघंही हसलो, कितीतरी दिवसांनी. पण त्यांना संध्याकाळची गाडी होती आणि मला सकाळची पहिली पाळी. कुणी कुणासाठी थांबायची सोय नव्हती.

"न्हावऱ्याला भेटू," ते म्हणाले. "दोघान्लाबी अर्धं पडंल."

पाटसजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, बस मुंगीच्या पावलानं चालली होती. मी एकच वाक्य मनात घोळवत होते: राजीनामा देते, घरी येते. चौफुल्याला बस बदलली तरी तेच.

न्हावऱ्याच्या फाट्यावर ते चहा सांगून बसले होते. वाळले होते. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "आधी माझं ऐक. मधी बोलू नको, तुला सवय हाय."

मी गप्प बसले. जन्मात एकदा.

"राजीनामा देऊ नको. हेच सांगाया मी निघालो हुतो. आन् तिथं आल्यावर तर पक्कंच झालं. मावशी म्हणल्या, सकाळी कामाला जाताना तू गुणगुणत जातीस. दौंडला तू कवा गुणगुणलीस, मला आठवंना. मी पुन्यांदा न्हाई तो विषय काढायचो. तू ऱ्हा तिथंच."

मी गुणगुणते, हे मला माहीतच नव्हतं. जे मी भांडून मागत होते ते या माणसानं आपणहून, चांगल्या मनानं देऊन टाकलं. त्यांनी एकदा नुसतं 'चल' म्हणायला हवं होतं. पण आता मी माझं वाक्य काढलं असतं, तर त्यांचं मन राखायला बोलते, असंच त्यांना वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला. इतक्या सहज सोडतं का कुणी?

"बरं," मी म्हटलं.

त्यांची मोटारसायकल चौफुल्याकडं गेली. मी शिरूरच्या बसची वाट पाहत उभी राहिले. दोघंही एकाच दिवशी नमलो होतो, सारख्याच वजनानं, आणि जागचं काहीच हललं नव्हतं. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून मी रडले.

तेव्हापासून आमचं भांडण नाही. नातेवाईक कौतुक करतात. फोन रोज येतो. जेवलीस का, जेवले, तुम्ही जेवला का, एवढं झालं की संपतो. परवा त्यांनी मधेच विचारलं, "त्या दिवशी तू दौंडला कशाला आलतीस गं? विचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

शब्द अगदी ओठावर आले होते.

"स्वेटर न्यायला," मी म्हटलं.

"मग न्हेलास का?"

"न्हेला."

"बरं केलंस. थंडी लई हाय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

माझ्याकडं स्वेटर नाही. कधीच नव्हता. लग्न झाल्यापासून सगळे हिवाळे मी शालीवर काढलेत, आणि ही गोष्ट जगात फक्त त्यांना ठाऊक होती.