मशीनमधले शेलारसर

शेलारसरांचं पहिलं वाक्य मी ऐकलं नाही, वाचलं. लोणावळ्याच्या प्रशिक्षण केंद्रात मी पुण्याहून शिकवायला आले, त्या दिवशी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसून एक प्रोग्रॅम चढवला. मशीनला जोडलेला टाइपरायटर खडखडला आणि कागदावर उमटलं, ‘हा पाव्हना कोन? आदी वळख करून द्या.’ अक्षरं इंग्रजी, बोली मावळातली. प्रोग्रॅममध्ये एक नाव मी मशीनला आधी न सांगताच वापरलं होतं. मागे दारात एक उंच, सावळे गृहस्थ हसू दाबत उभे होते. तेच शेलारसर.

मशीन मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून जुनं होऊन आलेलं. मूळचं भलतंच तुसडं. चूक झाली की नुसता एक आकडा छापायचं, मग त्याचा अर्थ जाड इंग्रजी पुस्तकात शोधत बसा. वलवण-वराळ्याहून येणारी पोरं आकडा दिसला की गारठायची. रोज सकाळी मशीनला भोकं पाडलेली एक लांब कागदी फीत भरवावी लागे. चुकांचे निरोप त्या फितीत असत. सरांनी खपून खपून ती फीतच नवी केली आणि आकड्यांच्या जागी आपलं बोलणं घातलं. कंस उघडा राहिला की ‘कवाड लावा, ढोरं भायेर गेली.’ प्रोग्रॅम त्याच त्या फेऱ्यात अडकला की ‘किती घाना फिरवताय? बैल दमला.’ लोणावळ्याच्या धुक्यात कागद ओलसर होतो, म्हणून फितीच्या कपाटात ते एक दिवा जळता ठेवत.

“अहो सर, हे शोभतं का कॉम्प्युटरला?” मी एकदा म्हणाले.

“बाई, पोरगं मशीनीला भ्यालं की संपलं,” सर म्हणाले. “घरच्या मान्सावानी बोलली पायजे ती.”

माझ्याशीही ते असंच बोलत. मी चिडले की म्हणायचे, “तुमी पुन्याच्या, तुमचा राग लय शुद्ध.” माझ्यासारख्या तोंडाळ बाईला निरुत्तर करणारा तो एकच माणूस भेटला.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांना कावीळ झाली आणि आठवडाभरात सर गेले. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड मांडला, पण कावळा शिवेना. झाडावर चांगले ढीगभर कावळे होते. सरांच्या आईनं धाकट्याच्या लग्नाचा शब्द दिला, भावानं आईला सांभाळायचा दिला. कावळे हलेनात. मग त्या माउलीनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमी सांगा कायतरी. त्याचा जीव मशीनीत हुता.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तरी हात जोडले आणि म्हणाले, “सर, तुमचं बोलणं मी मशीनमधून काढणार नाही.” कावळा उतरला. त्याला भूक लागली असणार, असं मी आजही म्हणते. त्या वेळी मात्र अंगावर सरसरून काटा आला होता.

पुढे नवी मुलं आली. त्यांनी सरांना पाहिलंही नव्हतं, पण रोज त्यांची बोलणी खात होती. खिडकीतून धुकं आत येई, टाइपरायटर खडखडे, आणि ‘वाईच दम खा’ असं कागदावर दिसलं की मी नकळत मागे दाराकडे बघायची. मला भीती वाटायची, आणि एखादा दिवस चूक झाली नाही तर चुकल्यासारखंही व्हायचं. बाजाराच्या दिवशी सरांची आई येऊन स्टुलावर बसे. मी मुद्दाम चुका करायची आणि उमटलेलं तिला वाचून दाखवायची. ती पदर तोंडाला लावून हसे. “आस्संच बोलायचा,” म्हणे. हसता हसता तिचे डोळे वाहत.

अशात केंद्राच्या साहेबांनी एका कारखान्याचं काम आणलं. तो प्रोग्रॅम मोठा, रोज मशीनमध्ये ठेवावा लागणारा, आणि मशीनची स्मरणशक्ती टीचभर. तीत एक तर प्रोग्रॅम मावत होता, नाहीतर सरांचं बोलणं. साहेब म्हणाले, “बाई, मलाही वाईट वाटतं. पण हे काम झालं नाही तर मशीन पुण्याला जाईल आणि तुमचा वर्ग बंद पडेल.” मी प्रोग्रॅम कापला, पिळला, तरी मावेना. आज करते, उद्या करते म्हणत दिवस काढले. शेवटी वलवणला सरांच्या घरी गेले.

सरांची आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

“जागा न्हाई म्हंता?”

“नाही, मावशी.”

मग तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. “ती त्याची खाट. धाकल्याची बायकू आली, दिवस गेल्यात तिला, पर भुईवर निजती. मी कुनाला बसू देत न्हाई खाटंवर.” तिनं सूप बाजूला सारलं. “आज देते तिला. तुमी तिकडं काढा. वचन तुमी दिलतं, मी सोडवते.”

मी जुनी, आकड्यांची फीत भरवली. मशीननं निमूट गिळली. कारखान्याचं काम सुरू झालं, वर्ग राहिला.

दुसऱ्या दिवशी वराळ्याची एक मुलगी प्रोग्रॅम चढवत होती. टाइपरायटर जरासा खडखडला आणि थांबला. कागदावर नुसता एक आकडा. ती त्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

“बाई, आज सर कायच का न्हाई बोललं?”

“सर गेले,” मी म्हणाले. तोवर हे दोन शब्द मी कुणाजवळच उच्चारले नव्हते.