आत्याच्या घरात रेंज का नव्हती

ऑफिसात त्याला सगळे हुंग्या म्हणायचे. खरं नाव ओळखपत्रापुरतं उरलं होतं आणि त्याची त्याला काही खंत नव्हती. माग काढत काढत नेमक्या दारापर्यंत पोचणं, हेच त्याचं काम होतं.

आम्ही दोघं फोन कंपनीच्या एकाच खात्यात. लोकांना छळणारे, फसवणारे फोन शोधायचे आणि बंद पाडायचे. मी स्क्रीनपुढे बसायचे, तो रस्त्यावर फिरायचा. साध्या माणसाचा फोन माणसासारखाच वागतो. फिरतो, घरी येतो, आईला लावतो, साहेबाचा आला की घाबरत उचलतो. पण काही नंबर दिवसभर एका जागी बसून नुसते अनोळखी लोकांना फोन करत सुटतात आणि उलट त्यांना कुणी कधी विचारत नाही. असं दिसलं की समजायचं, इथे माणूस नाही, पेटी आहे. सिमकार्डांनी खच्चून भरलेली पेटी. लांब कुठेतरी बसलेले भामटे तिच्यातून फोन करतात आणि आपल्याला दिसतो तो मात्र इथलाच, साळसूद नंबर. मी एक नंबर बंद केला की पेटीतलं दुसरं कार्ड जागं व्हायचं. वरवर गवत कापण्यातला प्रकार. मूळ उपटायचं तर हुंग्याला अँटेना घेऊन गल्लोगल्ली हिंडावं लागे.

तो मूळचा खांबावर चढून तारा जोडणारा. आई लहानपणीच गेली, वडील सतत बाहेरगावी, म्हणून त्याला आत्यानेच वाढवलं. आता ती एकटी होती आणि घरी जाताना तो रोज तिच्याकडे डोकावायचा. अलीकडे तिचं एकच पालुपद असे. "अरे, घरात पाऊल टाकलं की माझा फोन मुका होतो. अंगणात आले की बोलायला लागतो."

"फोन जुना झालाय, आत्या."

त्याने नवा आणून दिला. तोही मुकाच. मग त्याने भिंतींना दोष दिला.

एका सकाळी मी त्याला नकाशा दाखवला. नव्या पेटीचे सगळे नंबर एकाच टॉवरच्या एका बाजूला गोळा झाले होते. तो वाकून बघत राहिला. "ही तर आत्याची गल्ली," एवढंच म्हणाला.

आम्ही निघालो. बरोबर एक पोलीस निरीक्षक होते आणि त्यांचा एक शिपाई. हुंग्या पुढे, अँटेना डावी-उजवीकडे फिरवत. तिला जोडलेल्या मीटरवरचा आकडा किराणा दुकानापाशी चढला, शिंप्याकडे आणखी चढला आणि हिरव्या फाटकापाशी टोकाला जाऊन चिकटला. हुंग्या थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, हे माझ्या आत्याचं घर आहे," तो म्हणाला. "आता मी मोजलं तर उद्या कुणीही बोट दाखवेल. हिला मोजू द्या." आणि अँटेना त्याने माझ्या हातात दिली. मी ती वरच्या मजल्याकडे वळवली की आकडा टोकाला जात होता.

निरीक्षकांनी त्याला नीट न्याहाळलं. ते काय विचार करत होते ते मला कळत होतं. फोन कंपनीतला भाचा आणि आत्याच्या घरात पेटी.

दार उघडताच आत्या म्हणाली, "आलात एकदाचे. कितींदा तक्रार केली, कुणी फिरकलं नाही. आणि रेंजसाठी पोलीस कशाला आणलेत?"

"वर कोण राहतं, मावशी?" निरीक्षकांनी विचारलं.

"भाडेकरू. कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणाला. स्वभावाने गरीब. राहत मात्र नाही, नुसता येऊन जातो. पंखा तेवढा दिवसरात्र चालू."

कुलूप तोडलं. आत अंथरूण नाही, कपडा नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. टेबलावर दिवे लुकलुकणारी पेटी, घरातली सगळी रेंज गिळणारं अँटेनांचं रान आणि सगळ्यावर वारा घालणारा पंखा. आत्या जिन्यातच खाली बसली.

"म्हणजे लोकांना लुबाडायचं काम माझ्या डोक्यावर चाललं होतं?" तिने निरीक्षकांकडे बघितलं. "आता मला नेणार का?"

हुंग्या तिच्या पायाशी बसला आणि तिचा हात धरून राहिला.

मला तिच्या तक्रारींची आठवण झाली. अंगणात जाऊन मी ऑफिसात फोन लावला आणि ग्राहकसेवेकडची ध्वनिफीत मागवली. पहिली तक्रार भाडेकरू आला त्याच आठवड्यातली होती. परत वर येऊन फोन निरीक्षकांपुढे धरला. आत्याचा खणखणीत आवाज आला: "घरात रेंज नाही, अंगणात आहे, याला काय म्हणायचं? माझा भाचा तुमच्याच कंपनीत आहे, पण त्याला सांगून उपयोग नाही. दिव्याखाली अंधार."

निरीक्षकांच्या मिशा हलल्या. "गुन्ह्यात सामील असलेला माणूस आपल्याच घराची तक्रार कशाला करील?" ते म्हणाले. "उठा मावशी. तुम्हाला कुणी नेत नाही. हा भाडेकरू तेवढा हाताला लागायला हवा."

आत्याने डोळे पुसले. "तो येईल. तुम्ही आधी ती पेटी बंद करा."

हुंग्याने वायर उपटली. आत्याने फोन हातात घेतला, त्यावरच्या भरल्या रेंजकडे क्षणभर बघितलं आणि नंबर लावला. "अहो, तुमच्या खोलीत वरून पाणी गळतंय. आतून काहीतरी ठुस्स झालं. किल्ली घेऊन लवकर या, नाहीतर मी शेजाऱ्यांना बोलावून दार फोडते."

पेटी बंद पडल्याचं त्यालाही तिकडे दिसलंच असणार. तो धापा टाकत आला, दोन-दोन पायऱ्या चढत, आणि वर थेट निरीक्षकांच्या पुढ्यात उभा राहिला. पळायचं बळही उरलं नव्हतं.

पुढे त्याच्या जबानीवरून आणखी काही खोल्या सापडल्या. माझ्या स्क्रीनवरची त्या भागातली गर्दी ओसरली. किती म्हाताऱ्या माणसांचे फोन वाजायचे राहिले असतील, कोण जाणे. त्यांना ते कधी कळणारही नाही आणि तेच बरं.

त्या दुपारी पंचनामा उरकून सगळे गेल्यावर मी निरोप घ्यायला आत गेले. हुंग्या सोफ्यावर बूट न काढताच आडवा झाला होता आणि चक्क घोरत होता. आत्या त्याच्या पायातले बूट हळूच काढत होती.

"साहेबांना सांग, आज तो येत नाही," ती कुजबुजली. "उठला की जेवायला वाढते. सकाळपासून माझ्यासाठी घाबरून पोटात काही नाही त्याच्या."